गोव्यात लाटांचे फोटो काढायचेत? आधी तिथी बघा, मग कॅमेरा उचला

गोव्याला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस समुद्राचा फोटो काढतो, आणि घरी जाऊन बघतो तर वर आकाश, खाली पाणी, मध्ये सूर्याचा गोळा आणि लाट म्हणजे नुसती एक पांढरी रेघ. किनाऱ्यावर उभं असताना जी लाट अंगावर येतेय असं वाटत होतं ती फोटोत कुठे गेली, हे नवीन लोक मला सारखे विचारतात, म्हणून सगळं एका जागी नीट लिहून काढतोय. कॅमेरा कुठलाही चालेल, फोन असेल तरी चालेल, त्याचं पुढे सांगतो.

मुळात "लाटेचा फोटो" अशी एकच गोष्ट नसते. फुटणारी लाट वेगळी, वाळूवरून परत जाणारं पाणी वेगळं, खडकावर आपटून उडणारं पाणी वेगळं, किल्ल्यावरून दिसणाऱ्या लांबच लांब रांगा वेगळ्या. प्रत्येकीची जागा वेगळी, भरती-ओहोटीची वेळ वेगळी, उजेड वेगळा आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं तो) पण वेगळा. त्यामुळे घरातून निघतानाच आज मला कुठली लाट हवीय ते ठरवा, निम्मं काम तिथंच होतं.

सामान किती लागतं

फार नाही. मॅन्युअल (सगळं आपण ठरवायचं) किंवा शटर प्रायॉरिटी (शटर स्पीड आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो) मोड असलेला कुठलाही कॅमेरा, एक झूम लेन्स (२०० एमएमपर्यंत पोचली तरी खूप झालं), जरा वजनदार ट्रायपॉड, दोन-तीन मायक्रोफायबर कपडे, आणि साध्या पिण्याच्या पाण्याची एक बाटली. ही बाटली तुमच्यासाठी नाही, ट्रायपॉडसाठी आणि ओल्या कपड्यासाठी. फिल्टर सुरुवातीला घेऊ नका, आधी महिनाभर फिल्टरशिवाय काढा, मग आपल्याला नक्की काय कमी पडतंय ते कळतं. घ्यायचाच झाला तर पहिला पोलरायझर घ्या, कारण ओल्या वाळूवरची आणि पाण्यावरची चकाकी तोच कापतो आणि लाटेच्या आतला हिरवा रंग दिसायला लागतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की सूर्य तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला असेल तेव्हा आकाशावर त्याचा परिणाम जास्त दिसतो, समोर किंवा पाठीमागे असेल तर जवळजवळ काहीच नाही, शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

तिथी आणि भरती, हे शिकलात की बाकी सोपं

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे कारण नवीन लोक नेमका हाच सोडतात आणि लेन्सवर चर्चा करत बसतात.

आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे आजची भरती उद्या पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा येणार. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब यावरच आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, तर सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्याच उंचीच्या असतात असंही नाही, पण भिंतीवरचं कालनिर्णय बघून घरबसल्या अंदाज येतो हे केवढं मोठं काम आहे. नक्की आकडे हवे असतील तर मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचं, फोनवरच्या भरती-ओहोटीच्या ॲपमध्ये ते असतं.

आता याचा फोटोला काय उपयोग? बघा, पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला, आणि पुढचे दोन दिवस ती आणखी सरकून बरोब्बर सूर्यास्ताच्या सुमारास येते. त्यातून हे दिवस उधाणाचे, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली पण जातं, गोव्यात हा फरक दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे मोरजी, मांद्रे, कोलवा अशा सपाट किनाऱ्यांवर सूर्यास्ताला ओल्या वाळूचा भलामोठा पट्टा उघडा पडतो आणि त्यात अख्खं आकाश दिसतं. ज्याला वाळूतलं प्रतिबिंब, परत जाणारं पाणी, फेसाची जाळी काढायचीय त्याने पौर्णिमेनंतरची प्रतिपदा-द्वितीया धरायची, किंवा अमावस्येनंतरची.

आणि ज्याला खडकावर आपटणारं पाणी हवंय त्याने उलटं करायचं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाच ते सहाला भरती असते, सूर्य खाली आलेला असतो आणि पाणी खडकाला भिडलेलं असतं. हे दिवस भांगेचे, भरती फार वर येत नाही, त्यामुळे नवीन माणसाला खडकाजवळ काम करायला त्यातल्या त्यात बरे, उधाणाच्या भरतीला खडकावर जायचंच नाही.

पौर्णिमेच्या पहाटेचं पण सांगून ठेवतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य उगवायच्या सुमारास पौर्णिमेचा चंद्र समोर समुद्रात मावळत असतो, लाटांवर चांदीची पट्टी पडलेली असते आणि किनाऱ्यावर माणूस नसतो. सगळे सूर्यास्ताच्या मागे लागतात आणि हे कुणी बघतच नाही.

लाट येते कुठून आणि फुटते का

वाऱ्याने तिथल्या तिथे उठलेल्या लाटा आणि लांबून आलेल्या लाटा, हे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. हवामानाच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर एक आकडा सेकंदांचा असतो, म्हणजे एका लाटेपासून दुसरी किती वेळाने येते तो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था हा अंदाज रोज देते. पाच-सहा सेकंद दिसलं की समजा समुद्र खवळलेला-विस्कटलेला असणार, लाटा आखूड आणि कशाही. बारा-चौदा सेकंद दिसलं तर लांबून आलेली लाट, रांगेत, स्वच्छ, प्रत्येक लाट वेगळी काढता येते. अशी पंधरा सेकंदवाली लाट खोल समुद्रात ताशी ऐंशीहून जास्त किलोमीटरने धावत असते, किनाऱ्याजवळ उथळ पाणी लागलं की तिचा खालचा भाग अडखळतो, वेग कमी होतो, उंची वाढते आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते.

किनारा सपाट असेल तर लाट वरून हळूहळू फेसाळत लांबपर्यंत येते, हरमल, मोरजी, कोलव्याला तशी. तळ एकदम चढला असेल तर लाट उभी राहते आणि पुढे कमान करून एकदम कोसळते. आगोंदला किनाऱ्याच्या अगदी जवळ अशा लाटा मिळतात. कमान हवी तर असा किनारा शोधा. सपाट किनाऱ्यावर तासभर उभं राहिलात तरी कमान येणार नाही, त्यात तुमची चूक नाही, तळच तसा आहे. बरं, हा तळ पण कायमचा नसतो, पावसाळ्यात लाटा वाळू ओढून आत नेतात आणि पावसाळा संपला की हळूहळू परत आणून टाकतात, त्यामुळे ऑक्टोबरचा किनारा आणि मार्चचा किनारा एकच असला तरी लाटा सारख्या फुटत नाहीत.

वारा बघायचाच. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो, तेव्हा लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो आणि माथ्यावरचे तुषार मागे उडतात, ते फार सुंदर दिसतं. दुपारी बारा-एकनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी चुरगळल्यासारखं होतं. म्हणून आकार हवा असेल तर सकाळ, रंग हवा असेल तर संध्याकाळ, असं मी सरळ वाटून टाकलंय.

पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेत

खरंच बॅगेत. नुसतं बघायचं. लाटा गटाने येतात, काही वेळ बारीक बारीक आणि मग तीन-चार मोठ्या एकापाठोपाठ, मग परत शांत. दोन गटांमध्ये किती वेळ जातोय, मोठ्या लाटा नक्की कुठे फुटतायत, पाणी वाळूवर कुठपर्यंत चढतंय, खडक कुठपर्यंत ओला आहे हे सगळं या वीस मिनिटांत कळतं. खडक ओला आहे म्हणजे तिथे पाणी येऊन गेलंय आणि परत येणार, तिथे उभं राहायचं नाही, ट्रायपॉड तर अजिबात लावायचा नाही.

अंदाजात "लाटेची उंची २ मीटर" लिहिलं असेल तर सगळ्या लाटा दोन मीटरच्या असं समजू नका. तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. खडकावरचे अपघात या एका लाटेने होतात, आणि माणूस बहुतेक वेळा समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघत असतो. स्क्रीन बघायची तर आधी दहा पावलं मागे या.

लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गडद, शांत, फेस नसलेला दिसतो, नवीन माणसाला वाटतं ही सगळ्यात सुरक्षित जागा. तोच पाणी आत ओढणारा प्रवाह असतो. फोटोसाठी गुडघाभर पाण्यात जायचं असेल तर त्या पट्ट्यापासून लांब. चुकून ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे पोहत ताकद घालवू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग या. लाल बावटा असेल तिथे पाण्यात पाऊल नाही, जीवरक्षक शिट्टी वाजवून बोलावत असेल तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, तो पाणी रोज बघतो. आणि एकट्याने जाऊ नका, एक जण फोटो काढणार, एक जण समुद्र बघणार.

फुटणारी लाट गोठवायची

इथून प्रत्यक्ष फोटो. शटर प्रायॉरिटी लावा, १/१००० सेकंदापासून सुरू करा, तुषारांचा एक एक थेंब वेगळा हवा असेल तर १/२०००. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा १६०० घाला, छिद्र (लेन्स किती उघडते ते) या मोडमध्ये कॅमेराच निवडतो, ते एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास राहतंय ना ते बघा. सलग फोकस, बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की एकापाठोपाठ फोटो). गुळगुळीत पाण्यावर ऑटोफोकस भरकटतो, त्याला धरायला काहीतरी लागतं, म्हणून फोकसचा चौकोन लाटेच्या पोटावर न ठेवता माथ्याच्या कडेवर किंवा फेसावर ठेवा. तरी जमत नसेल तर लाटा जिथे फुटतायत तिथे एकदा फोकस करून मॅन्युअल करून टाका.

आता बसा. म्हणजे खरोखर खाली बसा, उकिडवं किंवा गुडघ्यावर. उभ्याने डोळ्याच्या उंचीवरून काढलं की क्षितिज लाटेच्या खूप वर जातं आणि लाट चपटी दिसते. खाली बसलात की लाटेचा माथा क्षितिजाच्या वर येतो, मागे आकाश येतं, आणि हातभर उंचीची लाट पण डोंगरासारखी उभी राहते. अख्ख्या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा.

वाइड लेन्सने लाट छोटी दिसते, शंभर-दोनशे एमएमवर मागच्या लाटा पुढच्या लाटेला चिकटून एकावर एक चढलेल्या दिसतात, समुद्र भरल्यासारखा वाटतो. नवीन माणसाने टेलीनेच (म्हणजे अशा लांबच्या लेन्सनेच) सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण त्यात पाण्यापासून लांब पण राहता येतं.

संध्याकाळी सूर्य समोर असतो, हे आपल्या किनाऱ्याचं भाग्य समजा. लाट उभी राहिली आणि फुटायच्या आधीच्या त्या अर्ध्या सेकंदात पाण्याचा पातळ पडदा होतो आणि सूर्य त्याच्या आरपार येतो, वर सोनेरी, खाली बाटलीच्या काचेचा हिरवा, आणि त्या हिरव्यात वाळूचे दोर वर चढताना दिसतात. हा क्षण लाट फुटल्यावर बटण दाबून मिळत नाही, लाट उभी व्हायला लागली की बर्स्ट सुरू करायचा. सूर्य क्षितिजापासून हातभर वर असताना हे जमतं, अगदी टेकला की उजेड कमी होतो. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून बराच डावीकडे, नैर्ऋत्येला मावळतो, आपल्या किनाऱ्याच्या जवळजवळ समोर, आणि जूनकडे तो उजवीकडे सरकतो. म्हणून आरपार उजेडाच्या लाटांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचं, थोडं. सकाळी सूर्य पाठीमागे आणि फेस पांढराशुभ्र, तेव्हा कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे आणि तो फोटो करडा करतो, अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. संध्याकाळी सूर्य समोर असताना उलट, पाऊण-एक स्टॉप कमी करा नाहीतर चकाकी जळून जाते. मेनूमध्ये जळालेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय असते ती चालू ठेवा, फेसाच्या मोठ्या भागात लुकलुकलं तर कमी करा, पाण्यावरच्या दोन-चार ठिणग्या लुकलुकल्या तर सोडून द्या. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

परत जाणारं पाणी, माझा सगळ्यात आवडता भाग

लोक येणाऱ्या लाटेकडे बघतात, जाणाऱ्या पाण्याकडे कुणी बघत नाही, आणि फोटो तर तिथे आहेत. ट्रायपॉड लावा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, वाइड लेन्स, आयएसओ १००, एफ/११, सूर्य मावळतीला असताना. शटर १/४ ते १ सेकंद. लाट वर येऊन थांबली, थकली, आणि पाणी मागे वळायला लागलं की बटण दाबा, आधी नाही. फेसाच्या रेघा समुद्राकडे ओढल्या जातात, लांब पांढरे धागे, सगळे एका दिशेने आणि डोळा सरळ क्षितिजापर्यंत नेतात. १/१५ वर धागे होत नाहीत, नुसता हललेला फोटो वाटतो, आणि पाच-सहा सेकंदांवर धागे विरघळून धुकं होतं. अर्ध्या सेकंदाच्या आसपास खेळत राहा. दोन सेकंदांचा टायमर इथे वापरू नका, क्षण निघून जातो, वायरचा किंवा ब्लूटूथचा रिमोट घ्या.

ट्रायपॉडचे पाय आधीच वाळूत जोर लावून घट्ट रोवा. पाण्याची लाट पायांखालची वाळू उकरून नेते आणि एक्स्पोजर चालू असताना ट्रायपॉड हळूच खचतो, फोटो बघून वाटतं फोकस चुकला. मधला दांडा वर काढू नका. गटातली मोठी लाट येतेय असं दिसलं की ट्रायपॉड उचला आणि मागे या, लाट संपली की परत.

आणि पाणी निघून गेल्यावर लगेच कॅमेरा काढून नेऊ नका, खाली वाळूकडे बघा. फेसाची जाळी उरलेली असते, बुडबुडे एक एक करून फुटत असतात आणि प्रत्येकात आकाशाचा एक ठिपका असतो. एखादा शिंपला वाळूत रुतलेला असेल तर परत जाणारं पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फाटतं आणि त्याच्यामागे वाळूवर व्ही काढून जातं, शिंपले जास्त असतील तर हे व्ही एकमेकांना छेदून शंकरपाळ्यांसारखी नक्षी होते. आपल्याकडच्या वाळूत काळी जड रेती असते, पाणी हलकी वाळू आधी ओढून नेतं आणि काळी मागे राहते, त्यामुळे झाडाच्या फांद्यांसारखे, पिसांसारखे आकार उमटतात. हे पण लाटेचेच फोटो आहेत, लाट निघून गेल्यावर तिने काय केलं ते. यासाठी उजेड अगदी आडवा हवा, म्हणजे सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा अर्धा तास, डोक्यावर सूर्य असेल तर काहीच दिसत नाही. बाजूला चिमुकल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या मांडून ठेवलेल्या असतात त्या तुडवू नका, फ्रेममध्ये घ्या.

खडक आणि उंचावरून

हणजूणचे काळे खडक, वागातोरला जांभ्याच्या कड्याखालचे खडक, सिकेरीला आग्वाद किल्ल्याचा पाण्यात उतरलेला खालचा बुरूज, या जागा आपटणाऱ्या पाण्यासाठी. बाजूने काढा, समोरून नाही, बाजूने पाणी वर उडताना आकार दिसतो आणि कॅमेरा पण कोरडा राहतो. मागे गडद काहीतरी येऊ द्या, कड्याची सावली, ढग, कारण पांढरे तुषार पांढऱ्या आकाशावर दिसतच नाहीत. दोन गोष्टी करून बघा: १/१६०० वर थेंब गोठवा, आणि मग ट्रायपॉडवरून १/८ वर काढा, खडक स्थिर आणि पाणी झाडूसारखं वर फेकलेलं. शेवाळलेल्या खडकावर चप्पल घालून चढू नका, पकड असलेले बूटच हवेत.

लाटांच्या रांगा बघायच्या तर उंच जा. शापोरा किल्ल्यावरून उत्तरेला नदीचं मुख आणि मोरजीचा वाळूचा दांडा दिसतो, तिथे येणाऱ्या लाटा वळतात, कारण उथळ भागातली लाट मागे पडते आणि खोल पाण्यातली पुढे जाते, मग अख्खी रांग धनुष्यासारखी वाकते. दक्षिणेत काब द रामच्या कड्यावरून सरळ खाली बघता येतं, क्षितिज फ्रेममधून काढून टाका, नुसतं पाणी आणि फेस, दोनशे एमएमवर. पाळोळ्याला मात्र मोठ्या लाटेची अपेक्षा करून जाऊ नका, तिथला उपसागर शांत, बारीक तरंग आणि होड्यांच्या सावल्या काढायला छान.

ड्रोनचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघा. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, वर मोपाला दुसरा विमानतळ, त्यामुळे बऱ्याच भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. कड्यावरून निम्मं काम होतं, तेवढं पुरे.

लांब एक्स्पोजर

सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी फिल्टरशिवायच काही सेकंद मिळतात, सुरुवात तिथून करा. दिवसा हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच. हिशेब सोपा, एनडी ६४ म्हणजे वेळ चौसष्टपट: फिल्टरशिवाय १/१५ येत असेल तर चार सेकंदांच्या आसपास. एनडी १००० म्हणजे हजारपट, १/३० चे तीस सेकंद पार. फोकस आणि फ्रेम फिल्टर लावायच्या आधी, मग मॅन्युअल फोकस करून फिल्टर. तीस सेकंदांत लाट राहत नाही, धुकं राहतं, म्हणून फ्रेममध्ये न हलणारं काहीतरी पाहिजेच, खडक, जेटीचा खांब, रोवलेली बांबूची काठी. नुसत्या मोकळ्या समुद्राचं तीस सेकंदांचं एक्स्पोजर मला तरी रिकामं वाटतं.

ट्रायपॉड नसेल तर १/१५ वर कॅमेरा लाटेच्या रेषेत डावीकडून उजवीकडे सरळ फिरवत काढा, निळ्या-सोनेरी पट्ट्या येतात. दहातले नऊ टाकून द्यावे लागतात, दहावा भिंतीवर लावण्यासारखा.

रात्री चमकणारी लाट

थंडीच्या दिवसांत कधी कधी लाट फुटताना निळसर चमकते, सूक्ष्म प्लवकांमुळे, पाणी ढवळलं की ते उजेड टाकतात. नक्की कधी ते सांगता येत नाही, अमावस्येच्या आसपास शॅकच्या दिव्यांपासून लांब जाऊन बघायचं. एफ/२.८ किंवा जमेल तेवढं उघडं, आयएसओ ३२००, दहा ते पंधरा सेकंद, फोकस आधी लांबच्या दिव्यावर करून मॅन्युअल. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे आहेत, ऑलिव्ह रिडले तिथे अंडी घालायला येतात, तिथे रात्री टॉर्च किंवा फ्लॅश मारत फिरू नका, कासव उजेडाला बिचकून परत जातं आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात. वनखात्याने दोरी बांधलेली जागा असेल तर लांबून.

फोनवाल्यांसाठी

फोनवर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि मग उजेड जरा खाली ओढा, फेस जळत नाही. प्रो मोड असेल तर वरचे सगळे शटर स्पीड वापरता येतात. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडलं की परत जाणाऱ्या पाण्याचे धागे फुकटात मिळतात, फोन फक्त स्थिर टेकवा. डिजिटल झूम नको, दोन पावलं पुढे जा, आणि खाली बसा, फोन उलटा धरला तर लेन्स वाळूच्या अगदी जवळ जाते. फोनवर आयपी ६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून समुद्रात बुडवू नका, ती चाचणी गोड्या पाण्यात होते. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं असेल तर वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही.

माणसं आणि पावसाळा

पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर लाटांच्या फोटोला त्याहून चांगली जोड नाही, दोरीची रेघ पाण्यात गेलेली, माणसं मागे झुकलेली. पण आधी विचारा, "दादा, फोटो काढू का?" एवढं पुरतं, आणि दोरीच्या आत जाऊन उभे राहू नका, त्यांचं काम चालू असतं. वेळ असेल तर दोरीला हात लावा, मग ते स्वतःच सांगतात आज दर्या कसा आहे ते, आणि ती माहिती कुठल्याही ॲपपेक्षा पक्की.

जून ते सप्टेंबर समुद्र पूर्ण वेगळा, लाटा तीन-चार मीटरच्या, पाणी मातकट तांबूस, आकाश शाईसारखं. नवीन माणसाने पावसाळ्यात वाळूवर उतरून काढूच नये, रस्त्यावरून, किल्ल्यावरून, टेकडीवरून टेलीने काढावं. ढगाळ उजेडात फेस आणि पाणी दोन्ही सांभाळलं जातं, त्यामुळे एक्स्पोजर उलट सोपं, ब्लॅक अँड व्हाइटला तर हा सगळ्यात चांगला काळ. एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या.

घरी आल्यावर

आधी क्षितिज सरळ करा, समुद्र एका बाजूला सांडणारा फोटो बघवत नाही. आकाश आणि पाणी यांचा उजेड जुळत नसेल तर दोन एक्स्पोजर जोडायला लाजू नका, गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या फोटोंसाठी आकाशाची एक आणि पाण्याची एक अशा दोन काचेच्या निगेटिव्ह जोडून प्रिंट काढले होते. पाणी निळं करायच्या नादात रंग ओढू नका, गोव्याचं पाणी हिरवट-राखाडी आहे आणि ते तसंच छान दिसतं. प्रत्येक फोल्डरच्या नावात जागा, तिथी आणि भरतीची वेळ लिहा, वर्षभराने "तसाच फोटो परत" हवा असेल तेव्हा तारखेचा उपयोग होत नाही, तिथीचा होतो.

एडिटिंग उद्या केलंत तरी चालेल, सफाई मात्र त्याच रात्री. लेन्सवर मीठ वाळलेलं असतं, कोरड्या कपड्याने घासलं तर त्याचे खडे काचेवर ओरखडे काढतात, म्हणून आधी ब्लोअर, मग साध्या पाण्याने किंचित ओला केलेला कपडा, मग कोरडा. कॅमेऱ्याची बॉडी, बटणांच्या फटी, पट्टा, सगळं ओल्या कपड्याने पुसा. लेन्स किनाऱ्यावर कधीच बदलायची नाही, ते खोलीत आल्यावर, पंखा बंद करून. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब उघडा, नळाखाली गोड्या पाण्याने धुवा, वळवून उघडायच्या जोडांमधली वाळू निघेपर्यंत धुवा, आणि मिटून न ठेवता तसाच उघडा उभा करून रात्रभर वाळू द्या, नाहीतर चार-सहा महिन्यांत जोड गंजून अडकतात आणि मग पकड लावून पण फिरत नाहीत.